सफरचंदाचं झाड लावताय? मग या चुका टाळा

झाड दणकून वाढलंय, पानं हिरवीगार, पण फळाचा पत्ता नाही. सफरचंदाबद्दल ही तक्रार नेहमीची, आणि लोक लगेच कोणतं खत टाकू म्हणून विचारतात, पण खरा घोळ बहुतेक वेळा रोप आणलं त्याच दिवशी झालेला असतो.

बी पेरून झाड करायचा नाद सोडा. खाल्लेल्या फळासारखं फळ त्याला येत नाही, आणि जे येईल त्याची वाट बघण्यात सहा ते दहा वर्षं जातात. कलमच घ्या, आणि घेताना खुंट (म्हणजे ज्या मुळाकडच्या रोपावर कलम बांधलंय ते) कोणता ते विचाराच, कारण झाड किती मोठं होणार ते खुंटावर ठरतं. एम ९ या खुंटावरचं झाड बुटकं राहतं, दोन-तीन वर्षांत फळ धरतं पण मुळं कमकुवत, त्याला जन्मभर काठीचा आधार लागतो. एमएम १०६ मध्यम, आणि जागा भरपूर असेल तर एमएम १११.

दुसरा प्रश्न थंडीचा. हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालचे ठरावीक तास मिळाल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. बऱ्याच जुन्या व्हरायटींना असे ८०० ते १००० तास लागतात, ॲना आणि डॉर्सेट गोल्डनला मात्र ३०० च्या आतही भागतं. आपल्याकडची थंडी न बघता नुसत्या फोटोवर भुलून रोप आणलं की मग फुलं उशिरा, तुरळक, कुठेतरी एखादं.

फुलं भरपूर पण फळ नाही? मग जोडीदार नाहीये. सफरचंदाला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत, त्याच वेळी फुलणारी दुसरी व्हरायटी जवळ हवी, एकाच व्हरायटीची दोन झाडं लावून काही उपयोग नाही (हे नर्सरीवाले सांगतीलच असं नाही). जोनागोल्डसारख्या व्हरायटीचे तर पराग दुसऱ्यालाही कामाचे नाहीत, म्हणजे तिच्याबरोबर आणखी दोन वेगळ्या लावा. आणि फुलोऱ्यात फवारणी नको, मधमाश्या मरतात.

लावताना कलमाचा जोड मातीच्या चांगला वर ठेवा. तो गाडला गेला की वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटकं म्हणून आणलेलं झाड ताडमाड होतं. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, फक्त खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं.

छाटणीत तर लोक सूडच उगवतात! झाड भादरलं की ते सरळसोट फुटवे काढतं, फळं येतात ती बहुतेक दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या फांद्यांवरच्या आखूड काड्यांवर, आणि नेमक्या त्याच काड्या आपण कापून टाकलेल्या असतात. युरियाचा मारा पण तसाच, पाला वाढतो आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो.

एक वर्ष लगडलं आणि दुसऱ्या वर्षी रिकामं, असं होत असेल तर फळं विरळ करा. लहान असतानाच घोसात एक ठेवायचं, दोन फळांत १०-१५ सेंटीमीटर अंतर. जिवावर येतं खरं, पण नाही केलं तर फळं बारीक राहतात आणि पुढच्या वर्षीच्या कळ्याच धरत नाहीत.

सालीवर तपकिरी खड्डे आणि खाली कडवट गर दिसला तर तो रोग नाही, फळाला कॅल्शियम कमी पडलंय, आणि बऱ्याचदा ते पाणी कधी धो-धो कधी अजिबात नाही असं दिल्यामुळे. पानाफळांवर काळपट खरबरीत डाग मात्र स्कॅब या बुरशीच्या रोगाचे, त्याची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, म्हणून ती पानं झाडाखाली पडू देऊ नका, गोळा करून लांब टाका.