लाल फडकं म्हणजे परवाना नव्हे: माल भरताना या चुका टाळा

"मागे एक मीटर बाहेर चालतं हो." हे वाक्य मला पन्नाशीतले ड्रायव्हर ऐकवतात, हार्डवेअरच्या दुकानातली पोरं ऐकवतात आणि मागच्याच महिन्यात पिकअप घेतलेले नवे मालकही ऐकवतात. चालत नाही. २०१४ पासून चालत नाही.

पूर्वी चालायचं, हे खरं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ मध्ये खांब, सळया असा लांब माल गाडीच्या मागच्या टोकापासून एक मीटरपर्यंत बाहेर ठेवायची सूट होती. बाहेर आलेल्या सळयांवर आदळून माणसं मरत होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि केंद्राने ती सूट काढून टाकली. आता माल मागे बाहेर नको, पुढे नको आणि बाजूलाही नको. लाल फडक्याने यात काहीही बदलत नाही. फडकं बांधलंत म्हणजे माल बाहेर आलाय हे तुम्हालाच माहीत होतं, एवढंच सिद्ध होतं.

दंडाचं कलम म्हणजे मोटार वाहन कायद्याचं १९४ (१अ). २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये, वर माल उतरवण्याचा खर्च, आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. कलमाचे शब्द गाडी चालवणाऱ्यापुरते थांबत नाहीत. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हेही त्यात येतात. म्हणजे "तू भर, मी बघतो" म्हणणारा दुकानदार किंवा ठेकेदारसुद्धा. आरटीओच्या वायुवेग (फिरत्या तपासणी) पथकाने गाडी अडवली की हाच माणूस फोन उचलत नाही, हा भाग वेगळा.

मर्यादा १२ मीटर, माझी गाडी ७ मीटरची, म्हणजे माल बाहेर काढायला जागा आहे

नवशिक्यांचं हे आवडतं गणित. सांध्याविना असलेल्या ट्रकची कमाल लांबी १२ मीटर आणि रुंदी २.६ मीटर. आकडे बरोबर आहेत, पण ते गाडीचे आहेत. मालाची हद्द म्हणजे तुमच्या गाडीची स्वतःची बॉडी. पिकअपची बॉडी पावणेदोन मीटर रुंद असेल, तर प्लायवूडचा थर २.६ मीटरपर्यंत पसरवायची मुभा तुम्हाला कोणी दिलेली नाही. फळीच्या बाहेर आला की बाहेर आला.

सळईचं गणित तर गाडीजवळ न जाताही सुटतं. बाजारातली सळई १२ मीटरची, म्हणजे ज्याला आपण चाळीस फुटी म्हणतो ती. ट्रक केबिनसकट जास्तीत जास्त १२ मीटरचा. मग सरळ सळई कुठल्याही साध्या ट्रकमध्ये बसेल कशी? एकतर चाळीस फुटी ट्रेलर लावा, नाहीतर यू करून घडी घातलेला माल घ्या, नाहीतर यार्डातच मापाने कापून घ्या. घडीच्या मालाला साइटवरचे इंजिनिअर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, वाकलेला तुकडा पुन्हा सरळ करून वापरणं चांगलं नव्हेच. पण मग ट्रेलरचं भाडं त्यांनी मंजूर करावं. सळई सरळ हवी आणि गाडी एकोणीस फुटी हवी, असं दोन्ही मिळत नाही.

याच लोभातून घडलेला एक प्रसंग सांगतो. सहा मीटरचे जीआय पाइप, गाडी पिकअप, बॉडी जेमतेम नऊ फूट. मागे फार लोंबकळायला नकोत म्हणून हुशारी अशी केली की पाइप केबिनच्या टपावरून पुढे काढले आणि मागे-पुढे सुंभाने आवळले. मागच्या टोकाला अर्थातच लाल फडकं. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर पुढची गाडी थांबली, याने ब्रेक मारला. पिकअप थांबली, पाइप थांबले नाहीत. गुळगुळीत पाइपांच्या जुडीला सुंभ काय धरणार? मधले चार-पाच पाइप जुडीतून सुटून पुढच्या मोटारीची मागची काच फोडून आत गेले. मागच्या सीटवर कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून पुढची बोलणी रस्त्यावरच होऊ शकली. मी तिथे पोचलो तेव्हा तो ड्रायव्हर मोटारवाल्याला कळकळीने सांगत होता, "साहेब, फडकं बांधलं होतं की!" फडकं मागे होतं. काच पुढे फुटली होती. मोटारवाला त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

माझी सवय सांगतो. लांब मालाच्या बुकिंगला मी वजन नंतर विचारतो, सर्वांत लांब नगाची लांबी आधी. पार्टी "असेल दहा-बारा फूट" म्हणाली की गाडी पाठवत नाही. टेप लावून फोटो पाठवा म्हणतो. लोकांना राग येतो. येऊ दे. पाइप असतील तर पुढच्या फळीला टेकवून भरतो, मध्ये मोकळी जागा ठेवत नाही, आणि सुंभाऐवजी रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे वापरतो. पट्ट्यांचे पैसे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

उंची मशीनची सांगायची आणि गाडी विसरायची

साध्या मालट्रकची उंची जमिनीपासून मालाच्या टोकापर्यंत मोजतात. आधी मर्यादा ३.८ मीटर होती, २०२० च्या दुरुस्तीत ४ मीटर झाली. कंटेनर, मोटारी वाहणारे ट्रेलर यांचे आकडे वेगळे आहेत, ते आपल्या साध्या ट्रकला लावून मोकळं होऊ नये.

एका पार्टीने फोनवर सांगितलं, मशीन अडीच मीटर उंच. गाडी ठरवणाऱ्याने ट्रकचा तळ १.३ मीटर धरला, बेरीज ३.८ आली, खूश झाला. मशीन अडीच मीटरच होतं. पण ते लाकडी पाटावर ठेवलं होतं, तो १५ सेंटिमीटर. वरून पॅकिंगचं छत, १० सेंटिमीटर. आणि त्या छतातून बाहेर डोकावणारा उचलायचा आय बोल्ट, आणखी १२. झाले ४.१७ मीटर. ताडपत्रीची गाठ मी धरलेलीच नाही.

ड्रायव्हर म्हणाला, हायवेच्या पुलांखाली साडेपाच मीटर जागा असते, काळजी नको. हायवेचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. मोठ्या वाहनांसाठी बांधलेल्या भुयारी मार्गांना राष्ट्रीय महामार्गावर ५.५ मीटर उंची ठेवतात. पण कारखाना हायवेवर नव्हता. पलीकडे जायला त्याने लहान वाहनांसाठीचा बोगदा धरला, त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवी चौकट, आणि आय बोल्ट नेमका त्या चौकटीत अडकला. मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गळीत हंगाम ऐन भरात. मागे घ्यायला जागा नाही, पुढे जाता येत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडाला त्या दिवशी लगाम नव्हता.

मग आला तो अमर सल्ला: "हवा सोडा." सोडली. दोन-अडीच इंच मिळाले, बोल्ट निसटला, गाडी पलीकडे गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढची गोष्ट टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिली नाही. जवळपास हवेचं दुकान नव्हतं, ड्रायव्हरने तशीच चालवत नेली आणि मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरची बाजू रिममध्ये चिरडून फाटली. एका बोल्टपायी टायर गेला. तो बोल्ट पान्याने दहा मिनिटांत निघणारा होता, हे उतरवताना कळलं.

हवा सोडणं हा उपाय नाही. अगदीच अडकलात तर पावलाच्या वेगाने गाडी मोकळी करण्यापुरता तो मार्ग आहे, आणि तोही सोबत कॉम्प्रेसर असेल तर. मी हे यूट्यूबवर कौतुकाने दाखवणाऱ्यांना टायरचं बिल पाठवावं म्हणतो.

गोडाऊनच्या फाटकाशी मी भिंतीवर ४ मीटरवर रंगाचा पट्टा मारून घेतलाय. भरलेली, ताडपत्री घातलेली गाडी त्याच्या शेजारी उभी करायची आणि लांबून बघायचं. शंका वाटली तर बांबूला टेप लावून वरून मोजायचं. मोजायचं मीटरमध्ये. "तेरा फूट आणि थोडं" यातलं थोडं नेहमी जास्त निघतं. ४ मीटर म्हणजे तेरा फूट दीड इंच, बस.

उंचीबद्दलच आणखी तीन गोष्टी, कारण यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. भरून जाताना ज्या कमानीखालून गेलात, तिच्याखालून परत येताना अडकू शकता. भाराने स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात. रिकामा कंटेनर घेऊन येताना गाडी वर उचललेली असते. दुसरी, कमानीवरचा उंचीचा फलक जुना असतो आणि रस्त्यावर डांबराचे थर नवे चढलेले असतात. तिसरी, पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर लांब ट्रेलरचं पुढचं चाक एका चढावर आणि मागचं दुसऱ्यावर असताना मधला माल नेहमीपेक्षा वर येतो.

गावातल्या विजेच्या तारा बांबूने उचलून गाडी काढणारा क्लीनर तुमच्याकडे असेल तर त्याला आजच थांबवा. ओला बांबू म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, तासभर जाईल. आणि रेल्वे फाटकाआधी जी उंचीची चौकट असते ती खाली आहे म्हणून शिव्या देऊ नका; वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, त्यांना स्पर्श करायचीही गरज पडत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात

२०१८ मध्ये मर्यादा वाढल्या: दोन आसांचा (ॲक्सलचा) ट्रक १६.२ वरून १८.५ टन, तीन आसांचा २५ वरून २८.५ टन, जोडवाहनांची कमाल ४९ वरून ५५ टन. हे आकडे पाठ करून लोक जुन्या गाडीवर माल चढवतात. तुमच्या आरसीवर जे वजन लिहिलंय तेच तुमचं वजन.

एकूण वजन बरोबर आणि आस मात्र ओव्हरलोड, हेही होतं. चार टायरच्या एका आसाला ११.५ टन. सगळ्या कॉइल मागे लोटून ठेवल्या की काट्यावर एकूण आकडा छान दिसतो आणि पुढचं चाक स्टिअरिंगला जुमानत नाही.

बॉडी वाढवून घेणं

मागचा लोंबता भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. "दोन फूट वाढवून देतो" म्हणणाऱ्या बॉडीवाल्याला आधी हे गणित करायला लावा. पासिंगला तो येत नाही, तुम्ही जाता.

उसाच्या ट्रॉल्या

यावर बोललं की पश्चिम महाराष्ट्रात भांडण होतं, तरी बोलतो. ऊस दोन्ही बाजूंनी फळीबाहेर पसरतो तेव्हा रुंदीचा नियम मोडतोच, पण त्याहून वाईट म्हणजे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर त्या वाढ्यांमागे, म्हणजे उसाच्या शेंड्यांमागे, झाकले जातात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला समोर काळोखच दिसतो. टोळीला खेपा हव्यात, मुकादमाला टनेज हवं, कारखान्याला गाळप थांबायला नको, हे सगळं समजतं. पण मोळ्या फळीच्या आत आडव्या न लावता उभ्या-आडव्या कशाही टाकल्या म्हणून टनेज फार वाढत नाही, गाडी फक्त फुगते. रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीला चिकटवून उपयोग नसेल तर ती भरलेल्या मोळीवर दोरीने बांधा. स्वस्त आहे, आणि आमच्या भागात काही जण करतात.

कायद्यात बसलं म्हणजे घाटात बसलं, असं नाही

लांब ट्रेलर मोजमापाने चोख असतो आणि कुंभार्ली घाटाच्या वळणावर दोन्ही बाजूंची वाहतूक बंद पाडतो. नकाशावरचा जवळचा रस्ता घेऊ नका. पावसाळ्यात काही घाट अवजड वाहनांना बंद असतात, ते निघायच्या आधी विचारा, घाटाच्या पायथ्याशी नव्हे.

ओडीसीची (मापाबाहेरच्या मालाची) परवानगी शेवटच्या दिवशी मागणं

मापाबाहेरचा माल नेता येतो, पण तो तुकडे करता न येणारा असेल तरच. दोन पेट्या एकावर एक ठेवून उंची वाढवायची आणि परवानगी मागायची, असले अर्ज मी पाहिलेत. शिवाय परवानगी एका ठरावीक गाडीला आणि ठरावीक मार्गाला मिळते; ऐनवेळी गाडी बदललीत तर तो कागद दुसऱ्या गाडीला चालत नाही.

काट्यावर न थांबता पळणं

अधिकाऱ्याने वजनाला थांबायला सांगितल्यावर पळालात, किंवा वजनाआधीच ढाब्यामागे पोती उतरवून ठेवलीत, तर दंड ४०,००० रुपये. ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे दहा टन जादा माल घेऊन सरळ काट्यावर चढला असतात तरी दंडाचा आकडा तेवढाच आला असता.