बोअर मारायच्या आधी विहिरीत डोकवा, पाणी कुठे साठतं ते तिथेच दिसतं

जमिनीखाली मोठं तळं असतं आणि बोअर तिथे टेकला की झालं, असं खूप जणांना वाटतं, पण आपल्याकडे तसं नसतं हो. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले तो खडक, आणि त्यात पाणी राहतं ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या भागात. तापी-पूर्णेच्या गाळाची गोष्ट वेगळी.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की आतून न बांधलेली एखादी विहीर शोधा आणि काठावरून टॉर्च मारून बघा (आत उतरू नका). वर माती, मग मुरूम, मग बऱ्याच ठिकाणी मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, त्याखाली काळा पाषाण. मध्येच विटेसारखा लाल पट्टा दिसला तर तो दोन थरांमधला गेरू, त्यातून पाणी सहज खाली जात नाही म्हणून कधीकधी त्याच्या बरोबर वर पाझर असतो. ओल कुठल्या थरातून येतेय ते लिहून ठेवा. अख्ख्या पाषाणात भेगच नसेल तर बोअर कितीही खोल न्या, धूळच उडते.

मग पाणी मोजायला लागा. दोरीला दगड बांधायचा, काठापासून पाण्यापर्यंत मोजायचं, कठड्याची उंची वजा करायची, आणि हे सकाळी पंप चालू करायच्या आधी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, चार वेळा पुरे, भूजल सर्वेक्षणवाले पण निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजतात.

आता खरा हिशोब बघा. या खडकातून पाणी मिळतं ते त्याच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्के. 2 धरा. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी 1 मीटर वर आली तर मिळाले 2 लाख लिटर, ऐकायला भरपूर वाटतं पण तेच पाणी त्या हेक्टरवर पसरलं तर फक्त 20 मिलिमीटर, आणि पिकाला पाटाने पाण्याची एक पाळी द्यायची तर 60 मिलिमीटर सहज लागतं! मला हे समजलं त्या दिवसापासून पाटाने पाणी सोडताना जीव खालीवर होतो.

पुनर्भरण, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी विहिरीतून जमिनीत मुरवणं, करायचं तर आधी ऑक्टोबरचं माप बघा. पाणी जमिनीलगत आलं असेल तर मुरूम भरलेला आहे, वरून घातलेलं नाल्यानेच निघून जाणार, तिथे खर्च नको. पाणी खोल असेल तर मात्र नक्की करा, विहिरीपासून थोडं लांब 2 मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि तळातून विहिरीत पाईप. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बाजूला काढा, खत-फवारणीच्या रानातलं तर अजिबात आत घेऊ नका, आणि वरची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवा, नाहीतर दोनतीन पावसाळ्यांत खड्डा चोंदतो.