शाळेच्या पोषण आहाराच्या सेंट्रल किचनमध्ये क्वालिटी-ऑपरेशन्सचं काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

फूड टेक किंवा मॅनेजमेंट झालेली बरीच मुलं विचारतात की ट्रस्टच्या सेंट्रल किचनमध्ये काम नेमकं काय असतं, म्हणून एकदा नीट लिहिते. मी अशाच एका किचनमध्ये क्वालिटी बघते, हजारो मुलांचं दुपारचं जेवण एका छताखाली शिजतं आणि गाड्यांनी शाळाशाळांत जातं.

आधी हिशोब पाठ करा. पीएम पोषणमध्ये (२०२१ पर्यंत आपण मध्यान्ह भोजन म्हणायचो तीच योजना) पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन, धान्य १५० ग्रॅम. खरेदीपासून मेन्यूपर्यंत सगळं यावर चालतं. धान्य सरकारकडून येतं, शिजवायचा खर्च ठरलेल्या दराने मिळतो आणि उरलेली तूट देणगीतून भरायची, त्यामुळे महिनाअखेरीला डाळ पातळ करायचा मोह कुठल्याही किचनमध्ये होऊ शकतो, आणि तिथे आडवं उभं राहणं हेच क्वालिटीवाल्याचं काम.

आता खरा मुद्दा. जेवण पातेल्यात चांगलं असतं हो, प्रश्न असतो पातेल्यापासून ताटापर्यंतच्या वेळाचा. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात कोमट झाला की ते वाढायला लागतात. म्हणून ६० अंशांच्या खाली जेवण रेंगाळू द्यायचं नाही. आमच्याकडे डबा भरला की झाकण लावायच्या आधी प्रोब थर्मामीटर (सुईसारखं टोक असलेला) मधोमध खुपसतात, कडेला नाही, कारण स्टीलच्या कडेचं रीडिंग आणि मधल्या भाताचं रीडिंग वेगळं येतं. लांबच्या रूटचे डबे आधी भरायचे, जवळच्या शाळेची बॅच उशिरा लावायची. ऐकायला सोपं आहे पण बॉयलर अर्धा तास बंद पडला की सगळा क्रम कोलमडतो, तेव्हा कुठली शाळा मागे ढकलायची हे ड्रायव्हर, कुक आणि तुम्ही मिळून दोन मिनिटांत ठरवायचं असतं. म्हणून ड्रायव्हर लोकांशी बोलत राहा, रस्ता कुठे खोदलाय हे ऑफिसच्या आधी त्यांना कळतं.

स्टोअरकडे कुणाचं लक्ष नसतं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. तेल, मसाले सीलबंद आणि लेबल बघूनच घ्यायचे, फिनेल, उंदराचं औषध वगैरे वेगळ्या खोलीत कुलपात, आणि रिकामा कॅन कशालाही परत वापरायचा नाही, कितीही स्वच्छ दिसू दे. शाळेत वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायचा नियम आहे, तो पाळला जातो का हेही फोन करून विचारत जा.

रेकॉर्ड वाचायला शिका. अख्ख्या आठवड्याचं तापमान एकाच पेनाने, एकाच अक्षरात, रोज ७५ च ७५ लिहिलेलं दिसलं तर ते मोजलेलं नाही, बसून भरलेलं आहे. पण त्या पोरावर ओरडू नका, बहुतेक वेळा थर्मामीटर बंद पडलेला असतो किंवा त्या वेळी त्याला दुसऱ्याच कामाला लावलेलं असतं. कमी रीडिंग सांगणाऱ्याला बोलणी बसली की पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही, आणि मला याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

लहान मूल तक्रार करत नाही, ताटात टाकून देतं. त्यामुळे परत आलेले डबे शाळेनुसार वजन करून लिहा. एकाच शाळेतून भाजी परत येत असेल तर बहुतेकदा गाडी तिथे उशिरा पोचतेय, सगळीकडून येत असेल तर रेसिपी बघा.

शिफ्ट मध्यरात्रीनंतर सुरू होते, तब्येत सांभाळावी लागते, पगार मोठ्या फूड कंपन्यांपेक्षा कमी असू शकतो, हे आधीच सांगून ठेवते. इंटरव्ह्यूला बोलावलं तर डिस्पॅच चालू असताना किचन बघू द्या म्हणा, हात धुवायच्या बेसिनला साबण आहे का बघा आणि माल परत पाठवल्याचं रजिस्टर मागा. कित्येक महिन्यांत एकही पोतं परत गेलेलं नसेल तर बहुधा आलेला माल कुणी तपासतच नाही, तिथे जॉइन होण्याआधी दोनदा विचार करा.