मज्जातंतू म्हणजे महावितरणची तार नव्हे : चेतापेशीच्या धड्यातल्या या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये बारावीची आणि नीटची मुलं येतात. चेतापेशीच्या धड्यावर चाचणी घेतली की लाल पेन कुठं थांबणार, हे मला आता पेपर उघडायच्या आधीच कळतं. चुका वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींचं मूळ एकच: मुलं मज्जातंतूला विजेची तार समजतात.

तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या दिशेनं सरकतात. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब धाग्यात, मुख्य घडामोड आडवी असते. सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) पेशीपटलातून बाहेरून आत येतात, पोटॅशियमचे आतून बाहेर जातात. आत आलेला धनभार थोड्या अंतरापर्यंत पसरतो, पटलातली शेजारची चॅनल, म्हणजे आयनांची दारं, उघडतो, ती त्यांच्या पुढची उघडतात. एकही आयन पाठीच्या कण्यापासून अंगठ्यापर्यंत धावत जात नाही. म्हणून तर हा संदेश तारेच्या मानानं फार हळू जातो. हेल्महोल्ट्झनं 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूत मोजला तेव्हा वेग सेकंदाला 30 मीटरच्या आसपास भरला. माणसातले सगळ्यात जलद तंतूसुद्धा सेकंदाला सुमारे 120 मीटरपर्यंतच जातात.

चॅनल कशी उघडतात, हे सांगायला मला राधानगरी धरण पुरतं. पावसाळ्यात ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की आपण लगेच राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ते दरवाजे कुणी कळ दाबून उघडत नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. सोडियमची चॅनल अशीच. पेशीच्या आतला विभव (व्होल्टेज) शांत असताना साधारण −70 मिलिव्होल्ट असतो, तो −55 च्या आसपास चढला की दारं उघडतात. मात्र उपमा इथंच सोडा. धरणाचा दरवाजा उघडला की पातळी उतरते. पेशीत उलटं होतं: सोडियम आत आलं की विभव आणखी चढतो, त्यानं आणखी चॅनल उघडतात, आणि मिलिसेकंदाच्या आत विभव +30 पर्यंत उसळतो. −55 चा हा उंबरठा ओलांडल्यावर अर्धवट संदेश का नसतो, ते यातच आहे.

आता सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक. ‘सोडियम-पोटॅशियम पंपामुळे विभव पुन्हा −70 वर येतो.’ दहातले सात पेपर तरी असं म्हणतात, आणि दिसायला ते इतकं बरोबर दिसतं की मीही शिकत असताना हेच लिहून आलो होतो. विभव खाली आणण्याचं काम पोटॅशियम करतं: सोडियमची चॅनल निष्क्रिय होतात, पोटॅशियमची उशिरानं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं. पंपाचं काम दुसरं आहे. तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रमाणातला फरक टिकवतो.

यावर एकानं विचारलं होतं, “सर, मग पंप बंद पाडला तर संदेश लगेच बंद की वो?” नाही. मळ्यातली मोटर बंद झाली तरी टाकी भरलेली असेल तर नळाला पाणी येतंच. एका संदेशात पटल ओलांडणारे आयन इतके थोडे असतात की आतबाहेरच्या प्रमाणात म्हणावा असा फरकच पडत नाही. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूत विषानं पंप थांबवला तरी तो बराच वेळ संदेश पाठवत राहतो. याच अक्षतंतूवर हॉजकिन आणि हक्सली यांनी काम केलं, 1952 मध्ये गणितासकट मांडलं आणि 1963 चं नोबेल मिळवलं. तंतूची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या घरात, म्हणून आत इलेक्ट्रोड घालता आला.

‘आतून ऋण म्हणजे आत धन आयन नाहीत’ ही चूक झटकन सुटते. आत पोटॅशियम लिटरला 140 मिलिमोलच्या घरात असतं. धन-ऋण भारांचा फरक फक्त पटलाला चिकटलेल्या पातळ थरात असतो.

एखाद्या आयनाची आत-बाहेर ये-जा कोणत्या विभवाला समतोल होते, ते नर्न्स्टच्या गणितानं काढतात. त्यात मात्र बाहेरचं प्रमाण वर, आतलं खाली. शरीराच्या तापमानाला पोटॅशियमसाठी 61 गुणिले 5/140 चा लॉग, म्हणजे सुमारे −88 मिलिव्होल्ट. उत्तर +88 आलं तर अपूर्णांक उलटा झालाय. सोडियमचं, 145 आणि 12 धरून, +66 च्या आसपास यायला हवं.

आणि तांबडा रस्सा. ‘जास्त तिखट, म्हणून मोठा संदेश’ असं लिहिणाऱ्याला मी दोष कसा देऊ? जीभ तेच सांगते. मिरचीतलं कॅप्सायसिन टीआरपीव्ही-1 नावाच्या चॅनलवर बसतं. हेच चॅनल साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर उष्णतेनंही उघडतं, म्हणून तिखट ‘भाजतं’. ते 1997 मध्ये सापडलं, त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तिखट वाढलं की तंतूच्या टोकाशी निर्माण होणारा विभव खरोखर वाढतो, तिथवर मुलांचं बरोबर. पण पुढं मेंदूकडे जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची उंची तीच राहते. सेकंदाला किती संदेश गेले, तो आकडा वाढतो. आलेख काढताना शिखरं उंच काढू नका, जवळजवळ काढा.

उत्तरात ‘नस’ हा शब्दही नको. घरी आपण रक्त काढायची नस म्हणतो आणि मानेत दबलेलीही नसच. पहिली शीर आहे, दुसरी मज्जातंतू, आणि तपासणाऱ्याला तुम्हाला कोणती म्हणायची होती हे ओळखत बसायला वेळ नसतो.