किल्केनीत एकटं फिरताना : पहिल्या दिवसाची आखणी

आयर्लंडमधल्या किल्केनीचा जुना भाग जेमतेम किलोमीटरभर लांब आहे, म्हणजे सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत. एका टोकाला किल्ला, दुसऱ्याला सेंट कॅनिस कॅथीड्रल, मधे एकच मुख्य रस्ता. वाट चुकत नाही, चुकतं ते वेळेचं गणित. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. त्यामुळे सुरुवातीला पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. चढायचं ते सकाळी, बसून करायचं ते नंतर, या हिशेबाने दिवस लावा.

मुंबईतच उरकायच्या गोष्टी आधी. शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये प्रवेश मिळत नाही, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्सचे कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण डब्लिनच्या इमिग्रेशन काउंटरवर ते विचारू शकतात आणि फोन नेमका तेव्हाच मान टाकतो. प्लग तिथे चपट्या तीन पिनांचा लागतो, इंग्लंडसारखा. तो अडॅप्टर लोहार चाळीत स्वस्तात मिळतो. डब्यात चिवडा, चकल्या चालतील. पेढे, बर्फी, तूप मात्र घरीच ठेवा : बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. छत्रीपेक्षा टोपी असलेलं रेनजॅकेट घ्या. तिथला पाऊस आपल्या जुलैपुढे किरकोळ, पण वारा छत्री उलटी करतो.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डकडे जाणारी गाडी सुमारे दीड तासात किल्केनीला पोचवते. तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. लोकलची सवय इथे अंगाशी येते, कारण दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात आणि एक चुकली की दोन-तीन तास सहज जातात. किल्केनीच्या मॅकडोना स्टेशनात गाडी शिरली त्याच बाजूने परत बाहेर पडते. पुढे वॉटरफर्डला जाणार असाल तर ‘गाडी उलटी निघाली’ म्हणून उतरू नका.

स्टेशनवरून जॉन स्ट्रीटने चालत या. नोर नदीवरचा पूल लागला की डावीकडे किल्ला दिसतो. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनलाच मिळते, म्हणून सकाळी सामान ठेवू द्याल का, हे आदल्या दिवशीच ईमेलने विचारा. एकट्याने फिरताना बॅग सांभाळायला दुसरं कुणी नसतं.

किल्ला समोर दिसत असला, तरी आभाळ कोरडं असेल तर आधी दुसऱ्या टोकाला जा. कॅथीड्रलच्या आवारात साधारण 30 मीटर उंचीचा गोल मनोरा आहे, कॅथीड्रलपेक्षाही जुना. आयर्लंडमध्ये असे मनोरे बरेच आहेत, पण वर चढू देतात ते अगदी थोडे. पाऊस-वारा वाढला की हाही बंद करतात. आत लाकडी मजले आणि शिडीसारख्या उभ्या पायऱ्या आहेत. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून फोन चेनच्या खिशात टाका, पाठीवरची सॅक खालीच ठेवा. वरून उतरणाऱ्याला आधी येऊ द्या, मधे दोघांना जागा होत नाही. बंद जागेत जीव घाबरत असेल तर हट्ट करू नका, कॅथीड्रलही पाहण्यासारखं आहे.

या भागाचं नाव आयरिशटाउन. 1366 च्या किल्केनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश भाषा बोलायला आणि आयरिश माणसांशी लग्न करायला बंदी केली होती. इंग्रजांचं तटबंदीचं गाव वेगळं आणि ही वस्ती वेगळी. परतताना हे डोक्यात ठेवून चाला. वाटेत उजवीकडे वळून ब्लॅक फ्रेरन गेट पाहा, जुन्या तटाचा उरलेला एकच दरवाजा. त्याच्या पलीकडे ब्लॅक ॲबी, म्हणजे ख्रिस्ती मठाचं चर्च, 1225 पासूनचं. तिथे आजही प्रार्थना चालते, तेव्हा मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर मागे शांत बसा, फोटो नंतर.

पार्लमेंट स्ट्रीटवर 1594 ते 1610 दरम्यान बांधलेलं रोथ हाउस हे व्यापाऱ्याचं घर आहे. एकामागे एक तीन घरं, मधे चौक आणि शेवटी बाग. घाईत लोक पुढचंच घर बघून परत फिरतात. पुढे हाय स्ट्रीटवरून बटर स्लिप नावाच्या बोळातून खाली उतरा. ओल्या दगडावर पाय सरकतो, गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

जेवण साडेबारालाच करा. शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेबल सूप’ म्हटलं तरी त्यात चिकनचा स्टॉक आहे का, हे विचाराच. चिप्स (बटाट्याचे तळलेले काप) मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हेही. सकाळच्या नाश्त्यातल्या ब्लॅक पुडिंगचा खिरीशी काही संबंध नाही, ते डुकराच्या रक्ताचं असतं.

किल्ल्यावर दोनच्या आत पोचा. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधीच थांबतो आणि उन्हाळ्यात तिकिटं संपतात, तेव्हा ती ऑनलाइन काढा. अंगणात उभं राहिलं की एक बाजू मोकळी दिसते, चार बुरुजांपैकी तीनच उरलेत. बटलर घराण्याने 1391 मध्ये घेतलेला हा किल्ला 1967 मध्ये गावाला अवघ्या 50 पौंडांत दिला. लाँग गॅलरीत मान वर करून रंगवलेलं लाकडी छत पाहायला विसरू नका. बाहेरचं उद्यान फुकट आहे, थकलात तर तिथेच तासभर पडा.

संध्याकाळी पबमध्ये टेबल अडवण्यापेक्षा काउंटरपाशी बसा, एकट्या माणसाशी तिथे कुणीतरी बोलतंच. बऱ्याच ठिकाणी ऑर्डर काउंटरवरच द्यायची असते, वेटरची वाट बघत बसलात तर उपाशी राहाल. स्वयंपाकघर बहुधा नऊच्या सुमारास बंद होतं. वाद्यांची मैफल साधारण साडेनऊला सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात मुंबईत पहाटेचे दोन वाजलेले असतात. म्हणून चारच्या सुमारास तासभर झोप काढा, गजर लावून. वादकांच्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्या वादकांसाठीच राखलेल्या असतात. निघण्याआधी मुक्कामाच्या दाराचा कोड कागदावर लिहून घेतलेला असू द्या, कारण लहान गेस्टहाउसात रात्री दार उघडायला कुणी नसतं.