छोट्या टीमने कोडच्या मांडणीचे नियम कसे ठरवावेत

हळदीचा सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी येते, तिच्यात वजन, दर, हमाली आणि तोलाई कोठे मांडायची हे दुकानागणिक वेगळे असेल, पण एका दुकानाच्या सगळ्या पट्ट्या एकाच नमुन्याच्या असतात. दिवाणजी बदलले म्हणून नमुना बदलत नाही. अशा पट्ट्या तयार करणारे सॉफ्टवेअर सांगलीत बसून लिहिणाऱ्या आमच्या पाच जणांच्या टीमकडे मात्र स्वतःच्या कोडचा ठरलेला नमुना बरेच दिवस नव्हता. कोणी टॅब वापरत असे, कोणी दोन स्पेस, कोणी चार, आणि एखाद्याने फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी शेकडो ओळी बदललेल्या दिसत. तो नमुना ठरवताना जो क्रम आम्हांला उपयोगी पडला, तो येथे देत आहे.

सर्वप्रथम, आवडीनिवडीला जेथे वावच नाही अशा जागा बाजूला काढाव्यात. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावरूनच ती कोणत्या लूपची (पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाची) किंवा अटीची हे ठरते, आणि टॅब व स्पेस यांची संदिग्ध सरमिसळ पायथॉन ३ चालवूनच घेत नाही. सेटिंग लिहिण्याच्या यामल फाइलमध्ये इंडेंटसाठी, म्हणजे ओळ आत सरकवण्यासाठी, टॅब चालत नाही. उलट प्रोग्राम बांधण्याच्या आज्ञा असलेल्या मेकफाइलमधील आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. गो भाषेत फंक्शनचा महिरपी कंस खालच्या ओळीवर नेला, तर आदल्या ओळीच्या शेवटी अर्धविराम आपोआप घातला जातो आणि प्रोग्राम कंपाइल होत नाही, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये हाच प्रकार अधिक फसवा आहे: ‘रिटर्न’ लिहून ऑब्जेक्टचा कंस पुढच्या ओळीवर उघडला, तर कित्येकदा कोणतीही त्रुटी न दाखवता फंक्शन ‘अनडिफाइंड’ (मूल्यच नाही) परत करते. या सगळ्या ठिकाणी निर्णय भाषेने आधीच घेतलेला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

पायथॉनच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. मी स्वतः एकदा चॅटमधून आलेला तुकडा फाइलमध्ये चिकटवताना हमाली वजा करणारी ओळ एक पायरी बाहेर सरकवली. ती लूपच्या बाहेर पडली, प्रोग्राम विनातक्रार चालला, आणि सात लॉटांच्या पट्टीत फक्त शेवटच्या लॉटची हमाली कापली गेली. चूक पकडली ती दुकानातल्या दिवाणजींनी, तीही तोंडी हिशेबावर. अशा चुकीवर फॉर्मॅटरचा (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाचा) उपाय नाही, कारण पायथॉनमध्ये सरकलेली ओळ हाच नवा अर्थ असतो आणि फॉर्मॅटर अर्थ बदलत नाही. तेथे एकाहून अधिक लॉटांची चाचणीच लिहावी लागते. जेथे गट महिरपी कंसांनी दाखवला जातो अशा भाषांत मात्र फॉर्मॅटर चूक उघडी पाडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालींतील जी प्रसिद्ध सुरक्षा-त्रुटी उघडकीस आली, तिच्यात ‘गोटू फेल’ (थेट अपयशाच्या भागाकडे जा) ही ओळ एका अटीखाली चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळ अटीच्या पोटात असल्यासारखी आत सरकवलेली दिसत असली, तरी ती बिनशर्त चालत होती आणि स्वाक्षरीची पुढची पडताळणी टळत होती. फॉर्मॅटरने तीच ओळ डावीकडे ओढून तिची खरी जागा दाखवली असती. पुढे २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनविषयीची स्वतंत्र सूचना आली.

आता आवडीच्या भागाकडे यावे. टॅब की स्पेस, या वादात मी मनाने टॅबच्या बाजूचा आहे. टॅब म्हणजे ‘एक पायरी आत’ एवढीच माहिती. ती पायरी किती रुंद दिसावी हे वाचणाऱ्याने आपल्या एडिटरमध्ये ठरवावे. ज्याला अक्षरे मोठी करून वाचावी लागतात तो ती दोनची ठेवील, ज्याला ऐसपैस मांडणी हवी तो आठची. तरीही आमच्या पायथॉनच्या फाइलींत टॅब नाही, कारण पायथॉनच्या लेखनशैलीविषयीच्या २००१ मधील ‘पेप ८’ या मार्गदर्शिकेने चार स्पेस सांगितल्या आहेत आणि बाहेरून येणारा जवळजवळ प्रत्येक तुकडा तसाच असतो. लिनक्स प्रणालीचा गाभा असलेले कर्नल आठ रकान्यांचा (रकाना म्हणजे एका अक्षराची जागा) टॅब वापरते, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या पद्धतीत दोन स्पेस असतात, गोचा फॉर्मॅटर टॅब घालतो. ज्या भाषेत काम करायचे तिच्या घरची रीत पाळावी, आणि जेथे अशी एक रीत नाही तेथेच मते घ्यावीत. मते घेण्याची बैठक भडंगाची पुडी संपेपर्यंतच चालवावी. तेवढ्यात एकमत झाले नाही तर फॉर्मॅटरची मूळ सेटिंग स्वीकारून उठावे.

कंसांचा प्रश्न याहून लहान आहे. सी भाषेच्या पुस्तकाचे लेखक केर्निघन आणि रिची यांच्या पद्धतीत अटीचा कंस त्याच ओळीवर उघडतो, एरिक ऑलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तो खालच्या ओळीवर स्वतंत्र उभा राहतो. मला दुसरी आवडते, टीमने पहिली निवडली, आणि आठवड्याभरात माझ्या डोळ्यांना सवय झाली. अटीच्या पोटात एकच ओळ असली तरी कंस घालायचा, एवढा आग्रह मात्र मी सोडला नाही.

पायरी दोनची की चारची, यापेक्षा पायऱ्या किती, याकडे अधिक लक्ष द्यावे. कर्नलची मार्गदर्शिका तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या तर प्रोग्रामच दुरुस्त करा असे बजावते, आणि आठ रकान्यांच्या टॅबमुळे ही खोली लगेच नजरेत भरते. आमच्या कोडमध्ये लॉट रद्द नसेल तर, वजन शून्य नसेल तर, दर ठरला असेल तर, अशा एकात एक अटींमुळे खरा हिशेब पाचव्या पायरीवर जाऊन बसला होता. त्या अटी उलटवल्या: लॉट रद्द असेल तर पुढच्या लॉटकडे जा, वजन शून्य असेल तर पुढच्या लॉटकडे जा, दर ठरलेला नसेल तरीही तसेच. हिशेब दुसऱ्या पायरीवर आला. हे काम कोणताही फॉर्मॅटर करून देत नाही, म्हणून कोडची तपासणी करताना माणसाने आपले लक्ष यावर खर्च करावे.

ओळीच्या लांबीसाठी एकच आकडा ठरवण्यापेक्षा दोन ठरवावेत. सांगलीकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. ८० रकान्यांची मर्यादा आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या पंच कार्डापासून चालत आली आहे, पेप ८ सर्वसाधारण ओळीला ७९ सांगून टीमच्या संमतीने ९९ पर्यंत मुभा देते, आणि ‘ब्लॅक’ हा पायथॉनचा फॉर्मॅटर ८८ वर ओळ मोडतो. आम्ही ८८ ही इशारा पातळी आणि १०० ही धोका पातळी मानली आहे. दुसऱ्या आकड्याची गरज अशासाठी, की लांबलचक मजकूर किंवा टिप्पणी ब्लॅक स्वतःहून तोडत नाही. तशी ओळ १०० च्या पुढे गेली की तपासणीचे साधन ती परत पाठवते.

मराठी मजकूर असलेल्या कोडसाठी एक नियम काटेकोर ठेवावा: ओळींची सुरुवात आत सरकवावी, पण ओळींच्या मधली चिन्हे एकाखाली एक आणण्यासाठी स्पेस भरू नयेत. आमच्या एका सहकाऱ्याने पट्टीवरील ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘क्विंटल’ अशा शब्दांपुढची अपूर्णविरामाची चिन्हे (:) एका रेषेत आणली होती. दुसऱ्या संगणकावर फाँट बदलताच ती रेषा वाकडी झाली. ‘क्विंटल’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, युनिकोडच्या हिशेबाने सात संकेतांकांचा आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटांचा आहे, शिवाय देवनागरी अक्षरांची रुंदी रकान्याच्या ठरीव मापात क्वचितच बसते. याच कारणाने ओळीची लांबी मोजणारे साधन नेमके काय मोजते तेही आधी तपासून घ्यावे. इंग्रजी नावांची रांग नीट लागते हे खरे, पण तेथेही एक लांब नाव नव्याने आले की वरखालच्या सगळ्या ओळी बदलतात आणि बदलांच्या यादीत खरा बदल हरवतो.

ठरलेले नियम कोणाच्या लक्षात राहतील या भरवशावर सोडू नयेत. प्रकल्पाच्या मुळाशी एडिटरकॉन्फिगची (सगळ्यांच्या एडिटरांना एकच सेटिंग सांगणारी) फाइल ठेवून तिच्यात इंडेंटचा प्रकार, त्याची रुंदी, ओळ संपवण्याची पद्धत आणि शेवटची रिकामी ओळ एवढ्या गोष्टी लिहाव्यात. विंडोज आणि लिनक्स यांच्या ओळ संपवण्याच्या चिन्हांत फरक असल्यामुळे आमच्या शेकडो बदललेल्या ओळींपैकी निम्म्या तर नुसत्या त्यातूनच येत होत्या. ओळीच्या शेवटच्या स्पेस काढून टाकण्याचा नियम मार्कडाउन फाइलींना लावू नये, कारण तेथे शेवटच्या दोन स्पेसना नवी ओळ असा अर्थ आहे. त्यानंतर पायथॉनसाठी ब्लॅक, जावास्क्रिप्टसाठी प्रिटियर, असा एकेक फॉर्मॅटर निवडून तो कमिटच्या (बदल प्रकल्पाच्या इतिहासात नोंदवण्याच्या) आधी आपोआप चालेल अशी सोय करावी, आणि सर्वांकडे त्याची एकच आवृत्ती राहील हे पाहावे. आवृत्त्या वेगळ्या असतील तर दोन संगणक एकमेकांची मांडणी रोज उलटवत बसतात. रंगसंगती, फाँट आणि टॅबची दिसणारी रुंदी यांबाबत ज्याचे त्याने पाहावे.

जुन्या कोडला नवा नमुना लावताना त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल मिसळू नये. सर्वांचे अर्धवट काम आधी मुख्य शाखेत आणावे, दिवस शक्यतो सौदे नसलेला निवडावा, फॉर्मॅटर एकदाच सगळ्यावर फिरवावा आणि चाचण्या चालवून मगच कमिट करावे. त्यामुळे बदललेल्या प्रत्येक ओळीच्या इतिहासात फॉर्मॅटर चालवणाऱ्याचेच नाव दिसू लागते, परंतु बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या ‘ब्लेम’ला काही कमिट वगळायला सांगता येतात, अशा कमिटचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ती फाइल प्रत्येकाच्या गिट सेटिंगमध्ये नोंदवली, की हमालीची ओळ मुळात कोणी लिहिली ते पुन्हा दिसते.