उसनवारीचा सागरी थरारपट आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत : मत कसे बनवावे, कसे लिहावे

समुद्राच्या तळाशी असलेले केंद्र, वरच्या जगाशी तुटलेला संपर्क, संपत आलेला प्राणवायू आणि बाहेरच्या काळोखात हलणारे काहीतरी, एवढे दिसले की आपण ‘हे सगळे पाहिलेले आहे’ असे म्हणून मोकळे होतो. लातूरच्या आमच्या मित्रमंडळात चित्रपट पाहिल्यावर प्रत्येकाने पानभर टिपण लिहावे असा प्रघात आहे, आणि अशा चित्रपटांवरची आमची सुरुवातीची टिपणे या एका वाक्यापुढे जात नसत. परंतु गावातल्या सप्ताहात कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीपासून ठाऊकच असते. बुवांनी ते कसे लावले, हे ऐकण्यासाठी तो बसतो. उसनवारीच्या, म्हणजे मांडणी जुन्या चित्रपटांवरून घेतलेल्या, चित्रपटाकडेही याच कानाने आणि डोळ्याने पाहावे, असे माझे मत आहे.

पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नये, मात्र ऐकण्याची व्यवस्था नीट करावी. अशा चित्रपटांचे पार्श्वसंगीत बहुतांशी खर्जात चालते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. त्यामुळे मोबाइलवर पाहून ‘संगीतात दम नाही’ असे लिहिणे हा संगीतकारावर अन्याय होतो. चांगले हेडफोन वापरावेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही हे खरे, पण कूलरचा घुमारा नेमका त्या खालच्या सुरांवर बसतो आणि ते झाकून टाकतो, म्हणून रात्री उशिरा, थोडे निवल्यावर, कूलर बंद करून पाहावे.

दुसऱ्या दिवशी वहीचे पान उभे दुमडून डावीकडे चित्रपटाने काय उसने घेतले ते लिहावे. येथे थोडा इतिहास माहीत असणे उपयोगी पडते. बंदिस्त जागा, कामगारांसारखे बोलणारे पथक, माणसांपेक्षा स्वतःच्या लाभाला जपणारी कंपनी आणि एकेक बळी घेणारा जीव ही मांडणी 1979 च्या ‘एलियन’ या अंतराळपटाने रूढ केली. पुढे 1989 या एकाच वर्षी ‘डीपस्टार सिक्स’, ‘लेव्हायथन’ आणि ‘द अ‍ॅबिस’ हे तीन हॉलिवूडपट समुद्राच्या तळाशी गेले. त्यांपैकी ‘लेव्हायथन’चे संगीत जेरी गोल्डस्मिथ यांचे होते, आणि ‘एलियन’चेही त्यांचेच. म्हणजे हा प्रकार मुळातच आकाशातून पाण्यात उतरवलेला आहे, आणि केवळ साम्य दाखवून दिल्याने आपले काम पूर्ण होत नाही.

उजव्या बाजूला लिहायचे ते अधिक महत्त्वाचे आहे: चित्रपटाने पाण्याचे काय केले? अंतराळात पोकळी आहे, तर समुद्रात दाब आहे. दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणजे 1000 मीटरवर तो पृष्ठभागावरच्या दाबाच्या सुमारे शंभर पट होतो. अंतराळात आवाज पोहोचत नाही. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. शिवाय दाबाखाली राहिलेल्या पाणबुड्याला घाईने वर येता येत नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून जीव घेऊ शकतो. सुटकेची वाट समोर असूनही तिच्यावरून सावकाशच चालावे लागते, याहून मोठा ताण पटकथाकाराला कोठे मिळणार? ज्या चित्रपटाने हे काहीच वापरले नाही आणि यानाच्या जागी फक्त पाणबुडी ठेवली, त्याची उसनवारी फिटली नाही, असे नि:शंकपणे लिहावे.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण याची पारख करण्यासाठी समुद्राची गरजही नाही. जो लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला, त्याला हे अंगाने ठाऊक आहे: बुडी मारून पाच-सहा हात खाली गेले की कानांत दडे बसतात, काठावरच्या मित्राची हाक पुसट होते, आणि पाण्यात कोणी दोन दगड एकमेकांवर आपटले की तो आवाज आपल्या डोक्यातच झाल्यासारखा वाटतो, कोणत्या बाजूने आला ते मात्र कळत नाही.

संगीताची परीक्षा याच अनुभवावर घ्यावी. सिंथेसायझर या विजेवर सूर निर्माण करणाऱ्या वाद्यातला फिल्टर सुरातला वरचा, चकाकणारा भाग कापून टाकतो आणि उरतो तो दबलेला, बुडीत ऐकू यावा तसा नाद. तो फिल्टर हळूहळू उघडला की पाण्यातून डोके वर काढल्यासारखे वाटते. म्हणून इलेक्ट्रॉनिक संगीत या विषयाला मनापासून शोभते. चित्रपटातील वीस मिनिटांचा एक भाग निवडून तो आधी चित्र न पाहता ऐकावा, मग आवाज बंद करून पाहावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र अनुभवावे. खर्ज सतत वाजतो का, की खोली वाढते तसा तो बदलतो? तंबोराही अखंड वाजतो, पण त्याच्यावर काहीतरी गायले जाते. नुसता तंबोरा दोन तास ऐकवला तर त्याला मैफल म्हणता येत नाही. सोनारचा, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राचा, टिंग आवाज कथेतल्या यंत्राचा आहे की संगीतकाराच्या तालाचा, हेही तपासावे. 1956 च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये लुई आणि बेबे बॅरन यांनी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत दिले, तेव्हापासून ध्वनी आणि संगीत यांच्यातली ही सीमा पुसट आहे, आणि कुशल संगीतकार तिचा लाभ घेतो.

संगीतही उसने वाटले तर दोष देताना जरा थांबावे. संकलन चालू असताना दुसऱ्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवण्याची प्रथा आहे, आणि दिग्दर्शकाला त्याची इतकी सवय होते की संगीतकाराकडे ‘असेच काहीतरी’ मागितले जाते. म्हणून साम्य नोंदवावे, हेतूचा आरोप करू नये.

टिपण लिहिताना चित्रपट आणि संगीत यांचा निवाडा वेगवेगळा द्यावा, कारण सामान्य चित्रपटाखाली उत्तम संगीत असू शकते आणि ते अशा वेळी कोणी ऐकतही नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. ‘थरारक’, ‘खिळवून ठेवणारे’ हे शब्द टाळून एक प्रसंग नेमका सांगावा: दार कधी बंद झाले, खर्ज कोठे थांबला, शांतता किती वेळ टिकली. शेवट उघड करू नये. आणि वहीची उजवी बाजू पूर्ण कोरी राहिली असेल, तर लिहिण्यापूर्वी ती वीस मिनिटे आणखी एकदा, डोळे मिटून, ऐकावीत.